गाडीचं ॲव्हरेज पडलं तर आधी काय बघायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापत आहोत.)



आज व्याजाचा, थकबाकीचा विषय नाही, त्यामुळं सगळ्यांनी जरा पुढं सरकून बसा. आज आपण गाडीबद्दल बोलायचंय. हसू नका. मी जकातवाडीच्या कॉलेजात समाजकार्य शिकले, तिथं गटाचं दप्तर शिकवलं, इंजिन नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्या भागातल्या बैठकांमध्ये कर्जापेक्षा जास्त भांडणं डिझेलवरून झाली. मग मला मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून शिकावंच लागलं.

रहिमतपूर भागातल्या काही गटांनी आता स्वतःची पिकअप घेतलीय. आलं साताऱ्याला, भाजी पुण्याच्या मार्केट यार्डात, येताना खत नाहीतर पेंड. आपल्याकडं आल्याचा दर ५०० किलोच्या ‘गाडी’वर बोलतात. म्हणजे दीड टनाच्या एका गाडीत तीन गाडी आलं बसतं. हा हिशेब बाहेरच्या माणसाला सांगून बघा, तो डोकं खाजवत बसेल. तर गाडी आपली, कर्ज आपलं, हप्ता आपला. आणि गाडीचं तोंड उघडलं की आपण चार पावलं मागं सरकतो. ‘ते पुरुषांचं काम.’ इथंच पैसा गळतो.

एका गटाचं सांगते. नाव घेत नाही. सांगायला त्यांनीच परवानगी दिलीय, नाव मात्र नको म्हणाल्या. अकरा जणींचा गट आहे. गाडी लिटरला १३ किलोमीटर देत होती. दिवाळीच्या आधी हिशेबाला बसल्या तर १० निघाले. आता ३ किलोमीटरचा फरक ऐकायला बारीक वाटतो. पण गाडी महिन्याला २,६०० किलोमीटर पळते. १३ नं भागा, २०० लिटर डिझेल. १० नं भागा, २६० लिटर. म्हणजे ६० लिटर जास्त. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला ९० रुपये धरू, तर ५,४०० रुपये झाले, दर महिन्याला. अकरा जणींत वाटा, प्रत्येकीचे ४९० रुपये. आपली महिन्याची बचत किती? २०० रुपये. बचतीच्या दुप्पट पैसे गेले, आणि गेले कुठं ते कुणाला माहीत नाही.

मग बैठकीत जे व्हायचं तेच झालं. एक जण म्हणाली, “पोरगं डिझेल काढून विकतंय.” दुसरी म्हणाली, “मला बी कवाधरनं वाटत हुतं.” चालवणारा पोरगा त्याच वस्तीतला, बावीस वर्षांचा. बाहेर ओट्यावर बसला होता. त्यानं ऐकलं, आत आला, किल्ली सतरंजीवर ठेवली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही. पुढचे तीन आठवडे गटानं भाड्याची गाडी लावली.

आता त्या गटाबरोबर बसून आम्ही काय काय तपासलं ते सांगते. क्रम लक्षात ठेवा, कारण क्रमाला पैसे पडतात. फुकटात होणारं आधी, महागाचं शेवटी. आणि माणसावर संशय तर सगळ्यात शेवटी.

पहिलं म्हणजे, ॲव्हरेज खरंच पडलंय का? बऱ्याच ठिकाणी गाडीत १,००० रुपयांचं डिझेल टाकतात, काटा खाली आला की परत १,००० चं टाकतात, आणि त्यावर अंदाज बांधतात. काट्यावर विश्वास ठेवू नका. काटा अंदाज सांगतो, हिशेब सांगत नाही. टाकी फुल्ल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, गाडी चालवायची, आणि परत फुल्ल करायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढंच डिझेल जळालं. चाललेल्या किलोमीटरला त्या लिटरनं भागायचं. पंप तोच ठेवा, गाडी त्याच सपाट जागी उभी करा, नळी पहिल्यांदा आपोआप ‘टक’ करून बंद झाली की थांबा. गाडी हलवून हलवून, वरपर्यंत फेस येईस्तोवर भरायचं नाही. कधी वरपर्यंत, कधी खालपर्यंत असं भरलं तर लिटरभराची चूक सहज होते. आणि १०० किलोमीटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे खऱ्या साडेबाराचे ११ दिसतात. तीच चूक ४०० किलोमीटरमध्ये झाली तर साडेबाराचे १२ दिसतात. म्हणून दोन फुल्ल टाक्यांच्या मधे निदान ३००-४०० किलोमीटर होऊ द्या, आणि असं दोन-तीनदा करा. एकाच आकड्यावर कुणाला फासावर चढवू नका.

यातच अजून एक. किलोमीटरचा आकडा तरी बरोबर आहे का? टायर बदलले आणि मापाला मोठे बसवले, तर चाक एका फेरीत जास्त अंतर जातं आणि मीटर कमी दाखवतो. गाडी तेवढीच चालली, डिझेल तेवढंच गेलं, पण कागदावर ॲव्हरेज पडलं. तपासायला सोपं आहे. मोबाईलच्या नकाशावर दहा-वीस किलोमीटरचा टप्पा धरा आणि मीटरशी ताडून बघा.

आता दुसरं. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. आकडा पडला कसा ते बघा. त्या गटाच्या ताईंकडं वही नव्हती. पण पंपाच्या पावत्या एका बरणीत कोंबून ठेवल्या होत्या, आणि पोरानं बऱ्याचशा पावत्यांच्या मागं पेनानं किलोमीटर लिहिले होते. ती बरणी आम्ही सतरंजीवर ओतली आणि तारखेनं लावली. दुपार गेली त्यात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत १३, पावणेतेरा, १३. मग ऑगस्टच्या शेवटापासून एकदम १०, सव्वादहा, १०, १०. तिथनं पुढं हललाच नाही.

आता बघा हं. ॲव्हरेज हळूहळू, महिन्याला थोडं थोडं उतरत गेलं असतं, तर काहीतरी झिजतंय किंवा तुंबतंय असं धरायचं. फिल्टर, इंजेक्टर, असलं काही. आकडा कधी १३, कधी ९, परत १२ असा उड्या मारत असता, तर भरण्याची पद्धत, बदलता रस्ता, बदलता माल, किंवा हो, चोरीसुद्धा. पण एका तारखेला एकदम खाली आला आणि तिथंच बसला, तर त्या तारखेच्या आसपास गाडीत काहीतरी बदललंय. चोरी करणारा माणूस इतक्या नेमानं, दर टाकीला तेवढंच डिझेल सहसा काढत नाही. हे मी सांगितलं नाही, पावत्या लावता लावता त्या गटातल्या एका मावशींनीच सांगितलं. मावशी चौथी शिकल्यात.

मग शोधलं, ऑगस्टच्या शेवटी काय झालं? बरणीतच गॅरेजची पावती सापडली. मागचे ब्रेक लायनर बदललेले.

गाडीचं चाक मोकळं फिरायला हवं. ब्रेक लायनर जरा जास्त आवळून बसले, किंवा हँडब्रेकची केबल ओढून धरली गेली, तर पाय ब्रेकवर नसतानाही ब्रेक थोडा थोडा लागलेलाच राहतो. जातं जड ओढतं तेव्हा आपले खांदे भरून येतात ना? तसंच इंजिनचं होतं. तेवढंच अंतर जायला जास्त डिझेल खातं. तपासायला हत्यार लागत नाही. गाडी मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवायची, ब्रेक कमीत कमी वापरायचा, मग थांबवायची. खाली उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्यायची. जवळ न्यायची, टेकवायची नाही, भाजेल. तव्यावर हात धरून अंदाज घेतो तसा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथं ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. गाडी सपाट जागी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक सोडून, दोघी-तिघींनी ढकलून पण बघता येतं. मात्र एक जण स्टिअरिंगवर बसलेली हवी. मोकळी गाडी जरा रेटली की हलते, अडलेली हलत नाही.

त्या गाडीची मागची दोन्ही चाकं गरम, डावं तर हात जवळ नेववत नव्हता. मिस्त्रींनी हँडब्रेकची केबल सैल केली, लायनर परत लावले. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या टाकीला १२.

अजून पावणेएक-एक किलोमीटर येणं बाकी होतं. तिथं दोन गोष्टी निघाल्या. टायरमध्ये हवा कमी होती. टायरला हवा किती हवी ते बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, नाहीतर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. हवा सकाळी टायर गार असताना बघायची. आणि एअर फिल्टर धुळीनं इतका भरला होता की झटकल्यावर अंगणात ढग उठला. इंजिन म्हणजे चूलच समजा. लाकूड आहे पण फुंकणीच बंद, तर जाळ होत नाही, नुसता धूर. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही. गाळप सुरू झालं की ऊसाच्या गाड्यांमागनं चालणाऱ्या, शेताच्या कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बघावा लागतो. कागदाचा फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. बाहेरून जोरात हवाही मारायची नाही, धूळ अजून आत रुतते. फार भरला असेल तर सरळ नवा टाका.

पण सगळं एकाच दिवशी बदलायचं नाही हं. त्या गटात एक जण म्हणाली, “एकदाच सगळं करून टाका, कटकट नको.” सगळं एकदम केलं आणि ॲव्हरेज आलं, तर कशानं आलं ते कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी परत सगळ्याचे पैसे. एक गोष्ट करा, एक टाकी चालवा, आकडा लिहा, मग दुसरी. त्यांनी तसंच केलं, आणि गाडी १२.७ वर आली.

आता तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून बाकीचंही सांगते.

धूर बघा. सकाळी गार इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरायचं नाही. गाडी तापल्यावरही येतच राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा इंजिनात पाणी जातंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. फिल्टर, इंजेक्टर, नाहीतर टर्बोची हवा नेणारा रबरी पाईप फुटलेला. तो पाईप फुटला की चढाला गाडी ओढत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो आणि सांध्यावर तेलकट डाग दिसतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. त्याला उशीर करू नका. ज्या गाड्या एप्रिल २०२० नंतरच्या म्हणजे बीएस ६ आहेत, त्यातल्या काहींच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. गाडी रोज पाच-सहा किलोमीटरच चालली तर ती जाळी भरते, आणि ती काजळी जाळायला गाडी स्वतःच जास्त डिझेल खर्च करते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. दिवा लागला की चालवणाऱ्यानं गटाला सांगायचं.

वास घ्या. रात्री गाडी उभी असते तिथं खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग बघा. डिझेलचा पाईप ओला असेल, टाकीचं झाकण नीट बसत नसेल, तर डिझेल रस्त्यावर सांडतंय. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी साठतं, ते ठरलेल्या वेळी काढावं लागतं.

गाडी चढाला लावली, इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. वर्धनगडाचा घाट चढताना हे लगेच कळतं. आणि गाडी अर्धा तास चालली तरी तापमानाचा काटा वर येत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. गार इंजिन जास्त खातं. इंजेक्टर आणि पंपाचं काम सगळ्यात शेवटी. ते महाग असतं, आणि आधीचं सगळं बघून झाल्याशिवाय कुणी “इंजेक्टर काढायला लागतील” म्हणालं, तर आधी विचारा, ‘कशावरून?’ असं विचारायला लाजू नका.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचतं, असं मला निदान पाच जणांनी सांगितलंय. घाटात असं चालवू देऊ नका. गाडी गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की आताच्या इंजिनात उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, शिवाय इंजिनची अडवण सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले तर डिझेलचा हिशेब कोण करत बसणार?

उभ्या गाडीचं पण धरा. मार्केट यार्डात रांगेत इंजिन चालू ठेवून थांबलं, तर अशी गाडी तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर जाळते आणि मीटर शून्य किलोमीटर दाखवतो. रिकामी फेरी, घाटाची फेरी, भरून नेलेली फेरी यांचं ॲव्हरेज एकसारखं येणारच नाही. महामार्गावर ६० च्या ऐवजी ८० नं गेलं, वर उंच जाळी लावून कापड फडफडत असलं, तरी फरक पडतो. म्हणून आकड्याशेजारी फेरी कुठली आणि माल किती ते लिहायचं.

पंपावरही आपला हक्क आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. शंका आली तर ‘पाच लिटर मापून दाखवा’ म्हणायचं. पाच लिटरमागं २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करता येते. मशीनवर शून्य बघायचं, पावती घ्यायची. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायची चाचणी पेट्रोलसाठी आहे, डिझेलसाठी नाही, त्यामुळं त्यावरून वाद घालू नका.

एवढं सगळं बघूनही आकडा उड्या मारतच असेल, तर मग चालवणाऱ्याशी बोला. तेही एकट्यानं, वही समोर ठेवून. भर बैठकीत नाही.

त्या पोराबद्दल विचाराल, म्हणून सांगते. पावत्या चाळताना अजून एक गोष्ट निघाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो दोनदा म्हणाला होता, “गाडी जड लागतीया.” दोघींना हे आठवलं. तेव्हा त्यांना वाटलं, पगार वाढवून मागायची तयारी चाललीय. रोज स्टिअरिंग धरणाऱ्याला गाडीचा बदल सगळ्यात आधी कळतो. मीटरला नाही, मिस्त्रीला नाही, त्याला. ते बोलणं कुणी लिहून ठेवलं असतं, तर पहिल्या आठवड्यातच चाकाला हात लागला असता. ब्रेक दुरुस्त झाल्यावर गटातल्या दोघी त्याच्या घरी जाऊन आल्या. आईनं चहा दिला. तो बसला होता, पण बोलला नाही. आता तो शिरवळकडं दुसऱ्याच्या गाडीवर आहे. गटानं नवा चालक ठेवलाय, आणि गटातल्याच दोघी गाडी शिकतायत. तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर, साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आता कामाचं. प्रत्येक गाडीवाल्या गटानं एक शंभर पानी वही घ्यायची, ती गाडीतच ठेवायची, पेन दोऱ्यानं बांधून. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर भरलं, पंप कुठला, फेरी कुठं, माल किती, गाडीला काय काम केलं, आणि शेवटचा रकाना, ‘चालवणारा काय म्हणाला’. तो रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहायचं. महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या आधी वही वाचायची, दहा मिनिटं पुरतात.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी गाडी घेऊनच या, आणि आधीच्या आठवड्यात एकदा टाकी फुल्ल करून आकडा लिहून ठेवा. हवा मोजायचं गेज मी आणते. ज्यांच्याकडं जुन्या पावत्या आहेत, त्यांनी बरणी, पिशवी, डबा, जशा असतील तशा आणा. सतरंजीवर ओतून लावू.